कार्डावरची खालची ओळ

दिपमालाच्या गिरणीत बायकांना कानाशी तोंड नेऊन बोलावं लागायचं. एकदा पट्टा फिरायला लागला की हातभर अंतरावरचंही ऐकू येत नसे. आणि कानाशी तोंड नेलं की बाई घरात जे बोलत नाही तेही बोलून जाते. दळणाचा डबा रांगेत लावून बायका भिंतीशी टेकायच्या आणि एकमेकींना काय काय सांगायच्या. कुणाची पाळी महिन्यातून दोनदा येते, कुणाच्या अंगावरून पांढरं जातं, कुणाचा नवरा ऐकत नाही. दिपमाला चाळणीवर हात फिरवत असायची, पण तिच्या कानातून काही सुटत नसे.

धामणखेडं हे गाव चोपड्यापासून बारा किलोमीटर आत. उत्तरेला सातपुडा, चहूबाजूंनी केळीच्या बागा आणि मधे सातशे उंबऱ्यांची वस्ती. गिरणी सासऱ्यांनी टाकलेली. सासरे गेल्यावर ती प्रेमराजनं, म्हणजे दिपमालाच्या नवऱ्यानं, चालवायला घेतली. पण पिठाच्या धुळीनं त्याला दम लागायचा. तो केळीच्या गाड्या भरायला जाऊ लागला आणि गिरणी दिपमालाच्या गळ्यात पडली. तिनं ती अंगावर घेतली. दगड झिजला की त्याला टाकी कशी लावायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याला दगड किती आवळायचा, दादर ज्वारी किती बारीक दळायची, सगळं शिकली. तिचं माहेर भडगावचं, दहावी झालेली. गावातल्या सुनांमध्ये तेवढी शिकलेली तेव्हा तीच. त्यामुळे बँकेचा कागद असो, शाळेची चिठ्ठी असो, बायका तो पदराखालून काढून तिच्यापुढे धरायच्या. "अक्का, वाची दे ना."

त्यात ताईबाईचे कागद सगळ्यात जास्त. ताईबाई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, शेजारच्या गल्लीतली. दोघींचं पहिल्यापासून जमलेलं. दिपमाला नवी नवरी होऊन आली तेव्हा आडावर पहिली ओळख ताईबाईनंच केली होती. नवऱ्याच्या मागे तिनं एकटीनं चार बिघे जमीन कसली, मुलाला वाढवलं, सून आणली. अक्षर मात्र तिला एक येत नव्हतं. दर गुरुवारी कळण्याचं दळण घेऊन ती यायची, आणि डब्यात ज्वारी-उडदाच्या वर एखादा कागद घडी घालून ठेवलेला असायचा.

ह्या फाल्गुनात तीन गुरुवार ताईबाई आली नाही.

चौथ्या गुरुवारी तिची सून किरण डबा घेऊन आली. दिपमालानं पट्टा सुरू करण्याआधीच विचारलं, "सासूबाई कुठंयत? शेतात का?"

"नाही, अक्का. झोपून आहेत."

"काय झालं?"

किरणनं इकडेतिकडे पाहिलं. गिरणीत दुसरं कोणी नव्हतं, तरी ती जवळ आली. "त्यांची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती ना. ती परत सुरू झाली. त्यांना वाटलं उष्णता आहे. सब्जा पीत बसल्या दोन महिने, कोणाला सांगितलंच नाही. मग एके दिवशी केळीच्या बागेतच लुगडं भरलं. आम्ही जळगावला नेलं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर सांगितलाय."

दिपमालाचा हात मोटरच्या खटक्यावर होता. तो तसाच राहिला.

"पण त्यांची तर तपासणी झाली होती," ती म्हणाली.

"हो. त्यासुद्धा हेच म्हणतात," किरण म्हणाली.

संध्याकाळी गिरणी बंद करून दिपमाला ताईबाईकडे गेली. ताईबाई ओसरीत खाटेवर होती. अंगानं मूळचीच काटक बाई, पण आता हाडंच राहिली होती. दिपमाला पायाशी बसली. ताईबाई छताकडे पाहत म्हणाली, "माले एकच समजत नही वं, दिपमाला. आपन दोन्हीस्नी संगेच तपासेल व्हतं ना? तवय तर बठ्ठं चांगलं व्हतं. मंग आते हाई काय शे?"

आवाजात राग नव्हता, तेव्हा सगळं चांगलं होतं तर आता हे काय, असं कोड्यात पडल्यासारखं ती विचारत होती. गेली वीस वर्षं कागद पुढे करून विचारायची तसंच. आणि पहिल्यांदाच दिपमालाला तिच्यापुढे वाचून दाखवता येईना.

घरी येऊन तिनं रेशनकार्डाचा पत्र्याचा डबा उघडला. तळाशी ते गुलाबी कार्ड होतं. आठ वर्षांपूर्वी शाळेत गर्भपिशवीच्या तपासणीचं शिबिर भरलं होतं तेव्हाचं. तेव्हा ती छत्तीस वर्षांची, ताईबाई बेचाळीसची. गावातल्या बायका शाळेच्या फाटकापर्यंत येऊन परत फिरत होत्या. "मुलांच्या वर्गात काय पाय पसरायचे?" म्हणून हसत होत्या. ताईबाईच म्हणाली होती, "तू चालनी तर मी चालनी." दोघी गेल्या. पडद्याआड दोन मिनिटांचं काम, बाहेर आल्यावर हातात कार्ड. ताईबाईनं आपलं कार्ड पुढे केलं आणि म्हणाली, "वाच."

वरची ओळ होती, तपासणीचा निकाल: चांगला. खाली बारीक अक्षरांत होतं, पुढील तपासणी पाच वर्षांनी.

दिपमालानं दोन्ही ओळी वाचल्या होत्या. मनात वाचल्या होत्या. पण मागे बायकांची रांग लागलेली, सगळ्या टकामका बघत होत्या, कधी एकदा घरी जाते असं झालं होतं. ती म्हणाली, "चांगलं आहे. सुटलो आपण." पाच वर्षं कुठं पळून जातात, तेव्हाचं तेव्हा सांगू, असं तिला वाटलं होतं.

आणि त्यानंतर ती सगळ्यांना तेच सांगत आली. गिरणीत कोणी विचारलं की म्हणायची, "एकदा करून टाका अन मोकळ्या व्हा. आम्ही दोघींनी केली ना."

एवढ्यावरच थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. तीन वर्षांपूर्वी आरोग्य केंद्राची आशाताई यादी घेऊन गिरणीच्या दारात उभी राहिली होती. "अक्का, तुमची पाच वर्षं झाली. मंगळवारी आरोग्य केंद्रात या. ताईबाईंनाही आणा." त्या वर्षी गिरणीची मोटर जळाली होती, मुलाची, भूषणची, बारावी होती. दिपमालानं चाळणीवरून मान वर न करता म्हटलं होतं, "माझंही झालंय, तिचंही झालंय. दुसऱ्या कोणाला ने."

तिचंही. ताईबाईला न विचारता, तिच्या वतीनं.

ताईबाईला खाटेवर पाहिलं त्या दिवसापासून भीती घरात शिरली. दिपमालाला कसलाच त्रास नव्हता. पाळी वेळेवर, पोट शांत, भूक बरी. पण ताईबाईलाही त्या वेळी कुठं त्रास होता? तिला वाटायचं, ताईबाईच्या आत जे तीन वर्षं गुपचूप वाढत होतं, तेच आपल्या आतही वाढत असेल आणि बाहेर काही दाखवत नसेल. न्हाणीत ती स्वतःचं लुगडं दोन-दोनदा उलटून पाहू लागली. पोटात जरा कळ आली की हातातलं काम थांबायचं. गव्हाच्या दळणात बाजरी ओतून ठेवली एकदा, तर एका बाईनं चार गोष्टी सुनावल्या. दिपमालानं मुकाट्यानं दुसरे गहू दळून दिले.

उद्या जाऊ, म्हणत पंधरा दिवस गेले. दगडाला टाकी लावायचीय, मसाल्याचे दिवस आहेत, नणंद येणार आहे, एक ना दोन. खरं कारण तिला माहीत होतं. न गेल्यानं निदान कोणी काही वाईट सांगणार तरी नव्हतं.

शेवटी तिला उठवलं ते किरणनं. डबा ठेवताना ती सहज म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, तीन वर्षं आधी आल्या असत्या तर एवढ्यातच भागलं असतं." तिनं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एवढंसं अंतर दाखवलं. दिपमालानं त्या चिमटीकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप लावून सकाळच्या गाडीनं आरोग्य केंद्रात गेली.

तिथल्या सारिका सिस्टर तिच्याकडूनच घरचं पीठ न्यायच्या. त्यांनी जुनं कार्ड पाहिलं. "आठ वर्षं झाली, ताई."

"हो."

"त्रास काही? मधेच रक्त जाणं, संबंधानंतर जाणं, वास येणारं पांढरं?"

"काहीच नाही. म्हणून तर..." दिपमाला अडखळली. "सिस्टर, ही तपासणी किती वेळा करायची असते? खरं सांगा."

"तिशीपासून पासष्टीपर्यंत, दर पाच वर्षांनी. आपल्याकडे सरकारी तपासणी अशीच ठरलेली आहे. मोठ्या शहरात दुसऱ्या पद्धतीच्याही तपासण्या होतात, त्यांचं अंतर वेगळं असतं, ते तिथले डॉक्टर सांगतात. पण एकदा करून विसरायची, अशी एकही तपासणी नाही."

"मग पाच वर्षांच्या मधेच झालं तर? दरसाल का नाही करत?"

सिस्टर स्टूल ओढून बसल्या. "हा रोग एका रात्रीत होत नाही. आधी नुसता डाग असतो. त्या डागाचा कॅन्सर व्हायला पुष्कळ वर्षं लागतात, बहुतेकींना दहा-दहा वर्षं. कित्येकींचा डाग आपोआप जातोही. म्हणून चांगल्या बाईला दरसाल उगाच त्रास द्यायचा नाही, आणि पाच वर्षांच्या पुढेही जाऊ द्यायचं नाही. त्या अंतरात डाग सापडतो, डाग असतानाच सापडतो. फक्त एक लक्षात ठेवायचं. मधे रक्त गेलं, तर वर्षं मोजत बसायचं नाही. त्याच आठवड्यात यायचं."

ताईबाई सब्जा पीत बसली होती ते दोन महिने दिपमालाच्या डोळ्यांपुढे आले.

पडद्याआड टेबल थंड होतं. सिस्टरांनी बॅटरी लावली. "आता मी आंबट औषध लावते, थोडं झोंबेल. मग एक मिनिट थांबायचं. डाग असला तर तो पांढरा दिसतो."

ते मिनिट दिपमाला पुढे कधी विसरली नाही. भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा काटा दिसत होता. पंधरा. वीस. खिडकीबाहेर कोणीतरी गाडीला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. चाळीस. तिनं सिस्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सिस्टर मघापासून काहीबाही बोलत होत्या, भूषण काय करतो, पुण्याला गेला का. त्या बोलायच्या थांबल्या. बॅटरी जरा जवळ नेली. मग म्हणाल्या, "तशाच पडून राहा हं, ताई. मी डॉक्टरबाईंना बोलावते."

दिपमालाचे पाय थरथरायला लागले. तिनं ते दाबून धरायचा प्रयत्न केला, पण टेबलाचं लोखंड खडखड वाजतच राहिलं.

डॉक्टरबाईंनी पाहिलं. डाग होता. हा कॅन्सर आहे असं नाही, पण जळगावला जाऊन दुर्बिणीतून बघून घ्या, लागला तर तुकडा काढतील, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली. दिपमालाला त्यातला 'तुकडा' तेवढाच ऐकू आला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिनं प्रेमराजला सांगितलं. सांगायची तिला दुहेरी भीती होती. गिरणीतच तिनं ऐकलं होतं, हा रोग चांगल्या बाईला होत नाही म्हणून. ताईबाईबद्दलही एक-दोघी कानाशी तोंड नेऊन काहीबाही बोलल्या होत्या. प्रेमराज कमी बोलणारा माणूस. पण कमी बोलणाऱ्याच्या मनात काय येतं ते कसं कळणार?

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "ताईबाईला झालं तेच?"

"तसं नाही म्हणे. त्याच्या आधीचं. पण तुकडा काढल्याशिवाय कळत नाही."

तो उठून अंगणात गेला. दिपमाला भांडी घासत बसली, एकच पातेलं पुन्हा पुन्हा. तो परत आला तेव्हा म्हणाला, "उद्या गाडी भरायला मी येत नाही, असं सांगून आलो. सहाची गाडी पकडू." दुसरं काही त्यानं विचारलं नाही.

जळगावच्या दवाखान्यात दुर्बिणीतून तपासताना डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढला. चिमटा काढल्यागत एकदाच दुखलं. जाताना दिपमालानं धीर केला. "बाई, हे कशानं होतं? लोक काहीबाही बोलतात."

"एक विषाणू असतो. संबंधातून येतो, म्हणून लोक बोलतात. पण लग्न झालेल्या बहुतेक माणसांना तो कधी ना कधी होऊन जातो. तुम्हाला, मला, कोणालाही. शरीर त्याला काढूनही टाकतं. काहींच्या अंगात तो राहून जातो, एवढंच. यात चांगली-वाईट बाई असं काही नसतं." बाईंनी प्रेमराजकडे पाहिलं. "तुम्हीही ऐकलंत ना?" त्यानं मान हलवली.

रिपोर्टला अकरा दिवस लागणार होते.

ते अकरा दिवस दिपमाला गिरणी चालवत होती, पण बायका काय बोलतात ते तिला कळत नव्हतं. पट्ट्याच्या आवाजात तिला कोणीतरी आपलं नाव घेतंय असं वाटायचं. तिनं प्रेमराजला मोटर कशी उतरवायची ते दाखवलं. त्यानं विचारलं नाही का दाखवतेस. भूषणच्या शर्टाची बटणं लावून ठेवली. तो पुण्याला होता, त्या शर्टाची त्याला गरजही नव्हती. सासूबाईंच्या वेळची तांब्याची कळशी घासून माळ्यावर ठेवली. एका दुपारी ती ओसरीत बसली असताना तिला एकदम वाटलं, आपण घर आवरतोय. माणूस गावाला जाताना आवरतं तसं. मग तिनं कशालाच हात लावला नाही.

दहाव्या दिवशी ती रात्रभर जागी होती. भीतीला आता चेहरा आला होता. तो ताईबाईचा होता, छताकडे पाहणारा.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी कागद फिरवून तिच्याकडे केला, कारण दिपमालानं स्वतः वाचायचं म्हटलं. इंग्रजीत होता, तिला कळला नाही. "कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "कॅन्सरच्या वाटेवरचा डाग आहे. आजच तो काढून टाकू. आणखी तीन-चार वर्षं तुम्ही आला नसतात, तर मी आज वेगळं बोलत असते."

डाग गरम यंत्रानं जाळला. अर्ध्या तासात ती बाहेरच्या बाकावर बसलेली होती. प्रेमराजनं उसाचा रस आणून दिला. ग्लास त्यानंच धरला आणि ती रस प्यायली. निघताना बाई म्हणाल्या, "आता तुम्हाला पाच वर्षांचं गणित लागू नाही. बरोबर एका वर्षानं यायचं. मग मी सांगेन तेव्हा."

आपण सुटलो, असं ती या वेळी कोणाला म्हणाली नाही.

त्याच सुमाराला ताईबाईला धुळ्याला हलवलं होतं. तिथं तिला रोज रेडिएशनचे शेक द्यायचे होते, पाच-सहा आठवडे. ती आपल्या भावाकडे, तिथंच देवपूरला राहत होती. दिपमाला तिसऱ्या आठवड्यात तिला भेटायला गेली. सोबत दादरीच्या भाकरी आणि ठेचा नेला होता, पण ताईबाईला वासानंच मळमळलं. भावजय स्वयंपाकघरात होती. खोलीत दोघीच.

दिपमालानं बसमध्ये सगळं ठरवून ठेवलं होतं, कुठून सुरुवात करायची, काय म्हणायचं. त्यातलं काहीच आठवेना. ती म्हणाली, "ताईबाई, त्या कार्डावर खाली एक ओळ होती."

"काय लिखेल व्हतं?"

"पाच वर्षांनी परत तपासायचं, असं."

ताईबाईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तुले ठाऊक व्हतं?"

"वाचलं होतं मी. तुला सांगितलं नाही. घाई होती, लाज वाटत होती... आणि मग विसरले. तीन वर्षांपूर्वी आशाताई आली होती, यादीत तुझं नाव घेऊन. मी तिला परत पाठवलं. तुझं झालंय म्हणून सांगितलं."

खिडकीतून खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला ओरडत होता. ताईबाईचे ओठ सुकून गेले होते. दिपमालाला वाटलं, आता ती शिव्या देईल, आणि तिनं त्या द्याव्यात असंच तिला वाटत होतं. ताईबाईनं भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "जाय आते. गाडी चुकी जाई."

दिपमाला निघाली. धुळ्याहून चोपड्यापर्यंतच्या सगळ्या वाटेत तिनं खिडकीबाहेर काय पाहिलं ते तिला सांगता आलं नसतं. रिपोर्टच्या वेळची भीती निदान एका कागदानं संपली होती. ही संपण्यासारखी नव्हती. ताईबाई मेली, तर ती भिंतीकडे तोंड करूनच मेली असं होईल, ही ती भीती.

महिनाभर निरोप नाही. किरणही दळण प्रेमराजच्या हाती देऊन जायची, गिरणीत थांबायची नाही.

दिपमालानं त्या महिन्यात एक गोष्ट केली. एका गुरुवारी गिरणीत सहा-सात बायका होत्या, तिनं पट्टा बंद केला. अचानक शांत झाल्यावर सगळ्या दचकल्या. "एकदा केली की झालं, असं मी तुम्हाला सांगत आले," ती म्हणाली. "ते खोटं होतं. दर पाच वर्षांनी करावी लागते. मला माहीत असून मी सांगितलं नाही. ताईबाईलाही नाही." एक म्हातारी म्हणाली, "आता आम्हाला कशाला भीती घालतेस?" एकजण डबा उचलून निघून गेली. पण पुढच्या मंगळवारी तिघी आरोग्य केंद्राच्या गाडीत बसल्या. त्यातली एक आयुष्यात पहिल्यांदाच चालली होती, वय वर्षं सत्तावन्न.

शेक संपून ताईबाई घरी आली तेव्हा पावसाळा लागला होता. दिपमाला तिच्या गल्लीत जायचं टाळत होती. एका सकाळी किरण गिरणीत आली आणि या वेळी थांबली. हातात डबा नव्हता.

"अक्का, मला तीस पूर्ण झालीत मागच्या महिन्यात."

"बरं मग?"

"सासूबाई म्हणतात, तपासायला जा. अन एकटी जाऊ नको. दिपमालाला संगे ने, म्हणतात. ती कागद वाचते."

दिपमालानं मोटरचा खटका बंद केला. "पुढच्या मंगळवारी जाऊ," ती म्हणाली.

किरणचं सगळं नीट निघालं. घरी परतल्यावर दिपमाला ओसरीत उभी राहिली आणि कार्डावरचं सगळं मोठ्यानं वाचलं, निकाल, तारीख, पुढची तारीख, अगदी शिक्क्यातलं गावाचं नावसुद्धा. खाटेवरून ताईबाई डोळे मिटून ऐकत होती. वाचून संपल्यावर तिनं डोळे न उघडताच विचारलं, "सरनं?"

"संपलं."

"बैस मंग."

त्यानंतर दोघींमध्ये पूर्वीसारखं सगळं झालं असं नाही. ताईबाई मधेच गप्प होते आणि दिपमालाला कळतं ती कुठं गेली ते. पण दर तीन महिन्यांनी ताईबाईला धुळ्याला तपासायला जावं लागतं, आणि बरोबर कोण येणार असं घरात निघालं की ती दिपमालाचं नाव घेते. दिपमालाची स्वतःची वर्षाची तपासणी मधे होऊन गेली. डाग परत आलेला नव्हता. त्याही दिवशी तिचे पाय टेबलावर तसेच थरथरले, सिस्टर म्हणाल्या, "अजून भीती वाटते?" ती म्हणाली, "हो. पण आले ना."

परवाची ताईबाईची चौथी खेप होती. धुळ्याच्या दवाखान्यात साडेदहाला नाव पुकारलं. ताईबाई काठी टेकत आत गेली, दार लागलं. दिपमाला बाहेर बसली. समोरच्या बाकावर एक तरुण मुलगी आईचा हात धरून बसली होती, आई कुठंच पाहत नव्हती. मागच्या खेपेला आत दहा मिनिटं लागली होती. या वेळी वीस झाली. पंचवीस झाली. आत बोलल्याचा आवाज येत होता, शब्द लागत नव्हते. तिनं दोनदा उठून दाराशी जाऊन पाहिलं, दोनदा येऊन बसली.

दार उघडलं. ताईबाई बाहेर आली, फाईल काखेत. चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. दिपमालाला विचारवेना.

"तीन महिनामा परत ये, म्हने," ताईबाई म्हणाली. "आते काही दिसत नही."

मग तिनं काठी दिपमालाच्या हातात दिली, लुगड्याचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "भूक लागनी वं माले. चाल, काही खाऊ."